'डिसिडंट'ला मराठीत काय म्हणायचं? हावेलच्या निमित्ताने

प्रश्न असा आला आहे. एका वाचनालयात नाटकं आणि आधुनिक युरोपच्या इतिहासावरची पुस्तकं एकत्र मांडून छोटं प्रदर्शन भरवायचं आहे. मधोमध चेक नाटककार वात्स्लाव हावेल. त्याच्या फोटोखाली लावायच्या कार्डावर पहिली ओळ लिहिली गेली: 'चेकोस्लोव्हाकियातील असंतुष्ट नाटककार'. समितीतल्या एका ज्येष्ठ सभासदांना 'असंतुष्ट' खटकला. दुसऱ्यांनी 'बंडखोर' सुचवला, तिसऱ्यांनी 'विद्रोही'. इंग्रजी पुस्तकांत मात्र सगळीकडे 'डिसिडंट', म्हणजे सत्तेशी न पटणारं मत उघडपणे मांडणारा. तर यातलं बरोबर काय?

ज्येष्ठ सभासदांचा कान चांगला आहे. 'असंतुष्ट' नकोच.

हा शब्द कोशात निरुपद्रवी दिसतो, पण मराठी वर्तमानपत्रांनी गेली कित्येक वर्षं तो एकाच कामाला जुंपला आहे. असंतुष्टांचा गट, असंतुष्टांची दिल्लीवारी, असंतुष्टांची समजूत. मंत्रिपद हुकलेला, महामंडळ न मिळालेला, तिकीट कापलं गेलेला माणूस म्हणजे असंतुष्ट. या माणसाचा विशेष हा की त्याला संतुष्ट करता येतं. महामंडळ दिलं की प्रश्न मिटला. हावेलला कसलं महामंडळ देणार?

गंमत अशी की 'असंतोष' या नामाला मराठीत अजून मोठा मान आहे. टिळकांना आपण 'भारतीय असंतोषाचे जनक' म्हणतो. मूळ शब्द व्हॅलेंटाइन चिरोल या इंग्रज पत्रकाराचे आणि त्याने ते कौतुकाने वापरले नव्हते. टिळकांनी त्याच्यावर लंडनला बेअब्रूचा खटला भरला आणि तो हरले. तरीही मराठीने तो शब्द बिरुदासारखा मिरवला. म्हणजे असंतोष देशाचा असतो, असंतुष्ट मात्र पक्षातला असतो. एका धातूच्या दोन रूपांची इतकी वेगळी नशिबं क्वचितच दिसतात.

आता खुद्द हावेलकडे येऊ, कारण या शब्दाबद्दल त्याचं स्वतःचं म्हणणं होतं. 1978 मध्ये त्याने 'सत्ताहीनांची सत्ता' अशा अर्थाच्या शीर्षकाचा एक दीर्घ निबंध लिहिला. त्यात 'डिसिडंट' हा शब्द तो अवतरणचिन्हांत लिहितो, चिमट्यात धरल्यासारखा. त्याच्या तक्रारी साधारण अशा. हे नाव आम्ही घेतलेलं नाही, पाश्चात्त्य पत्रकारांनी दिलं आहे. त्यातून असं वाटतं की सुतारकी, डॉक्टरकी तशी 'कुरकुर करणं' हीसुद्धा एक नोकरी आहे आणि काही लोक ती करतात. शिवाय आमच्याकडच्या सरकारी छापखान्यांत याचा अर्थ 'फितूर', 'भ्रष्ट झालेला' असा लावतात, आणि आम्ही तर काही सोडून गेलेलोच नाही. त्याच्या मते हे लोक म्हणजे साधे भौतिकशास्त्रज्ञ, कामगार, कवी. जे करायला हवं असं त्यांना वाटलं ते त्यांनी केलं आणि त्यातून त्यांची सत्तेशी गाठ पडली.

'कुरकुर करण्याची नोकरी' या कल्पनेला मराठीत नेमका शब्द शोधायचा तर तो 'असंतुष्ट'च निघतो. म्हणजे कार्डावर आपण हावेलचं वर्णन त्याने स्वतः नाकारलेल्या अर्थानेच करत होतो.

याच निबंधात तो प्रसिद्ध भाजीवाला आहे. कांदे-गाजरांच्या मध्ये, दुकानाच्या काचेत, 'जगातील कामगारांनो, एक व्हा' ही पाटी लावणारा. कामगार एक व्हावेत अशी त्याला काही कळकळ नाही. पाटी वरून आलेली, सगळे लावतात, न लावली तर कटकट. हावेल विचारतो, एके दिवशी त्याने ती लावली नाही तर? त्याने बंड केलं का? घोषणा दिली का? पाटी लावली नाही, एवढंच. तरी त्याची बदली होईल, पगार घटेल, पोरांना कॉलेज मिळणार नाही.

इथे 'बंडखोर' बाद होतो. 'खोर' हा फारसीतला 'खाणारा'. लाचखोर, नफेखोर, चुगलखोर, भांडखोर असं त्याचं गणगोत. कवीला बंडखोर म्हटलं तर गौरव वाटतो हे खरं. पण निवडणुकीच्या मोसमात हाच शब्द अपक्ष अर्ज भरून बसलेल्या नाराज इच्छुकाला लागतो. शिवाय बंड म्हणजे कायदा झुगारणं. हावेल आणि त्याचे सोबती नेमकं उलटं करत होते. चेकोस्लोव्हाकियाने 1975 मध्ये हेलसिंकी इथे मानवी हक्कांचा समावेश असलेल्या करारावर सही केली होती, संयुक्त राष्ट्रांचे हक्कविषयक करार पुढच्या वर्षी देशाच्या राजपत्रात छापलेही होते. त्यांचं जानेवारी 1977 मधलं 'सनद 77' हे जाहीर निवेदन सरकारला म्हणत होतं: तुमचाच कायदा तुम्ही पाळा. सुरुवातीला सह्या सुमारे 240. पहिले प्रवक्ते तीन: हावेल, माजी परराष्ट्रमंत्री यिरी हायेक आणि तत्त्वज्ञ यान पातोच्का. पातोच्का पोलिसांच्या लांबलचक चौकश्यांनंतर त्याच मार्चमध्ये वारले. वरचा निबंध हावेलने त्यांच्या स्मृतीला अर्पण केला आहे.

'विरोधक'ही नको. सनदेतच लिहिलं आहे की ही संघटना नाही, हिला नियम नाहीत, हा राजकीय विरोधी पक्षाचा पाया नाही. 'विद्रोही' हा माझ्या मते मराठीतला मोठा शब्द आहे. राजद्रोह, देशद्रोह अशा घरातून बाहेर काढून दलित साहित्याने त्याला स्वाभिमान दिला. पण त्यामुळेच तो आता मोकळा राहिलेला नाही. जातिव्यवस्थेविरुद्धच्या लढ्याचा इतिहास त्याच्या पाठीशी आहे. प्रागच्या एका धनाढ्य बिल्डर घराण्यातल्या मुलाच्या फोटोखाली तो लावला तर वाचकाची दिशाभूल होईल आणि शब्दाचंही नुकसान.

मूळ शब्दाकडे वळू. लॅटिन 'डिस' म्हणजे वेगळं, 'सेदेरे' म्हणजे बसणं. डिसिडंट म्हणजे वेगळा बसलेला. इंग्लंडच्या इतिहासात भेटणारे 'डिसेंटर' दिसायला याचे भाऊ, पण त्यांचं मूळ 'सेंतिरे', म्हणजे वाटणं, यात आहे. प्रदर्शनात इतिहासाची पुस्तकं आहेत म्हणून एक सावधगिरी सांगतो. पोलंडच्या जुन्या इतिहासात 'डिसिडंट' दिसला तर हावेल डोळ्यांपुढे आणू नका. तिथे 1573 च्या वॉर्सा महासंघाच्या दस्तऐवजात हा शब्द धर्माबाबत मतभेद असलेल्यांसाठी येतो, आणि अठराव्या शतकात तो पोलंडमधल्या कॅथलिक नसलेल्या ख्रिश्चनांना लागतो. त्यांच्या हक्कांचं निमित्त करून रशियाच्या कॅथरीनने पोलंडच्या कारभारात हात घातला. तिथे मी शेवटी सुचवणार आहे तो 'असहमत' हा शब्द लिहिला तर अर्थाचा अनर्थ. सरळ 'धर्मपंथाने वेगळे' लिहावं.

'वेगळा बसलेला' म्हटल्यावर मराठी माणसाला पंगत आठवते. आणि पंगतीतून उठण्याचे आपल्याकडे दोन प्रकार आहेत: स्वतः उठणं आणि उठवलं जाणं. 'वाळीत टाकलेला' हा दुसरा. अनुवाद म्हणून तो चालणार नाही, पण सनदेवर सही केलेल्यांचं जे झालं ते सांगायला इतका चपखल शब्द युरोपातल्या भाषांतही सापडणं कठीण. नोकरी गेली, मुलांचं शिक्षण अडलं, ओळखीचे लोक ओळख दाखवेनासे झाले.

हावेलच्या आयुष्याला हे नवीन नव्हतं. जन्म 1936 चा. 1948 मध्ये कम्युनिस्टांनी सत्ता घेतल्यावर घराण्याची मालमत्ता गेली आणि 'बूर्झ्वा' मूळ म्हणून मुलाला हव्या त्या शाखेत शिकता येईना. प्रयोगशाळेत काम, रात्रशाळा, लष्करी सेवा, मग नाटकाच्या कंपनीत रंगमंच कामगार. नेपथ्य हलवता हलवता तो ना झाब्राद्ली या छोट्या थिएटरचा लेखक झाला. 1963 मध्ये 'उद्यानातली मेजवानी', 1965 मध्ये 'द मेमोरँडम'.

हे दुसरं नाटक भाषेच्या नादी लागलेल्या प्रत्येकाने वाचावं. एका कचेरीच्या संचालकाला 'प्तिदेपे' नावाच्या नव्या कृत्रिम भाषेत परिपत्रक येतं. भाषा शास्त्रशुद्ध: कुठलेही दोन शब्द चुकूनही सारखे वाटू नयेत म्हणून ते शक्य तितके वेगळे ठेवलेले, आणि वस्तू जितकी दुर्मीळ तितका शब्द लांब. 'वोम्बॅट' या ऑस्ट्रेलियन प्राण्याला 319 अक्षरी शब्द! परिपत्रकाचा अनुवाद हवा तर परवानगी लागते आणि परवानगी मिळवायची वाट परिपत्रक कळल्याशिवाय सापडत नाही. आपली शासकीय परिपत्रकं वाचणाऱ्यांना हे विनोदी वाटेल की वास्तववादी, सांगता येत नाही.

1968 च्या ऑगस्टमध्ये सोव्हिएत रणगाडे आले. त्यानंतरच्या काळाला सरकारने दिलेलं नाव 'नॉर्मलायझेशन'. अनुवादांत 'सामान्यीकरण' दिसतं आणि वाचकाला काहीच कळत नाही. माणसं कामावरून काढून, तोंडं बंद करून 'घडी बसवणं' असा त्याचा व्यवहारातला अर्थ. त्या घडीत हावेलची नाटकं बसत नव्हती. त्यांवर बंदी आली. 1974 मध्ये त्याने काही महिने बिअरच्या कारखान्यात पिंपं ढकलली आणि त्यातून पुढच्या वर्षी 'ऑडियन्स' ही एकांकिका निघाली. त्यात कारखान्याचा प्रमुख वानेक नावाच्या कामगार-लेखकाला गळ घालतो: तुझ्यावर दर आठवड्याला अहवाल द्यावा लागतो, मला लिहिता येत नाही, तू लेखक आहेस, तूच लिहून दे ना! वानेक फार बोलत नाही. समोरचाच बोलत सुटतो आणि स्वतःला उघडा पाडत जातो. 'निषेध' या 1978 च्या एकांकिकेत टीव्हीसाठी लिहिणारा एक यशस्वी लेखक त्याच वानेकला अत्यंत तर्कशुद्धपणे पटवून देतो की आपण निवेदनावर सही न करण्यातच सगळ्यांचं भलं आहे. हावेलच्या मित्रांनीही पुढे वानेकला घेऊन नाटकं लिहिली.

1979 मध्ये हावेलला साडेचार वर्षांची शिक्षा झाली. तो तुरुंगात असताना आयरिश नाटककार सॅम्युएल बेकेटने 'कॅटॅस्ट्रॉफी' हे छोटं नाटक त्याला अर्पण केलं. एका नाटककाराने दुसऱ्याला दिलेली ही दाद, आणि म्हणूनच कार्डावर 'नाटककार' हा शब्द विशेषणांच्या ओझ्याखाली दबू नये असं मला वाटतं. इतिहासाची पुस्तकं आपल्या स्वभावाने त्याला 1977 आणि 1989 च्या चौकटीत पाहतात. तरी इतिहासकार टिमथी गार्टन ॲश यांच्या, कम्युनिस्ट सत्ता उलथवणाऱ्या 1989 च्या क्रांतीवरच्या पुस्तकाचं शीर्षक 'द मॅजिक लँटर्न' आहे, आणि ते ज्या 'लातेर्ना मागिका'वरून आलं ती नाटक कंपनी. तिच्याच तळघरातल्या थिएटरात आंदोलनाचं कार्यालय होतं. टोनी जट यांच्या 'पोस्टवॉर' या युद्धोत्तर युरोपच्या इतिहासाशेजारी हे पुस्तक ठेवता आलं तर जरूर ठेवा.

आपल्याकडे असा माणूस नव्हता का? हावेलने 1975 च्या एप्रिलमध्ये कम्युनिस्ट पक्षाचे सरचिटणीस गुस्ताव हुसाक यांना उघडं पत्र लिहिलं. त्याच वर्षी जूनमध्ये आपल्याकडे आणीबाणी लागली आणि वर्षअखेरीच्या कराडच्या साहित्य संमेलनात अध्यक्ष दुर्गाबाई भागवत, स्वागताध्यक्ष यशवंतराव चव्हाण समोर असताना, लेखनस्वातंत्र्याबद्दल बोलल्या. पुढे त्यांना अटकही झाली. दुर्गाबाईंना कुणी 'असंतुष्ट लेखिका' म्हणालं असतं तर त्यांनी काय उत्तर दिलं असतं, याची कल्पना त्यांचं लेखन वाचलेल्यांना करता येईल. आणि त्याही आधी, 'सत्य असत्याशी मन केलें ग्वाही । मानियेलें नाहीं बहुमता' हे तुकोबांनी लिहून ठेवलंच आहे. हावेलचा अख्खा निबंध या दोन चरणांचं भाष्य म्हणून वाचता येतो.

तर माझी निवड 'असहमत'. 'भिन्नमतवादी' वाईट नाही, पण त्यातल्या 'वादी'मुळे एखादा पंथ असल्याचा भास होतो. 'असहमत' काहींना हिंदीकडून आलेला वाटेल, वाटू दे. 'सहमत' आपण रोज वापरतो, त्याला 'अ' लावायला परवाना लागत नाही. नाम म्हणूनही तो चालतो: असहमतांच्या सभा, असहमतांचं साहित्य. इतिहासाच्या पुस्तकांच्या बाजूला चिठ्ठी लावणार असाल तर पहिल्यांदा 'असहमत, म्हणजे डिसिडंट' असं लिहून पुढे नुसतं 'असहमत' ठेवा. हावेलच्या कार्डावर मात्र विशेषणाऐवजी क्रियापदांना काम करू द्यावं:

'वात्स्लाव हावेल (1936–2011). चेक नाटककार. 1960 च्या दशकात प्रागच्या छोट्या रंगमंचावर गाजला. 1968 नंतर मायदेशात त्याच्या नाटकांवर बंदी आली. सरकारशी असहमत राहिला, ते लिहून सांगितलं आणि त्यासाठी तुरुंगात गेला. डिसेंबर 1989 मध्ये राष्ट्राध्यक्ष झाला.'

नाव 'वाक्लाव' लिहू नका, मराठी वर्तमानपत्रांनी ते पुष्कळ केलं आहे. चेकमध्ये रोमन 'सी'चा उच्चार 'त्स' होतो. बोलताना शेवटचा 'व' 'फ'कडे झुकतो, पण कार्डावर 'वात्स्लाव' पुरे.