वाचक विचारतात: ‘बघतो’ म्हणजे हो की नाही?

प्रश्न: सर, माझी मुलगी यंदा बारावी झाली, मार्क चांगलेत. आम्ही धरून चाललो होतो की कॉम्प्युटर इंजिनिअरिंगला जाईल, पण तिने तत्त्वज्ञान घेऊन बीए करायचं डोक्यात घेतलंय. तिचा मामा अंबड एमआयडीसीत आहे, तो म्हणतो एआयच्या जमान्यात हे म्हणजे पायावर धोंडा पाडून घेणं. ती म्हणते उलट एआयलाच याची गरज लागणारे. कोणाचं ऐकू? — एक आई, इंदिरानगर, नाशिक

उत्तर: ताई, मामा बोलतात ते काळजीपोटीच, त्यामुळे त्यांच्याशी भांडू नका. पण माझ्या भाचीचं ऐका जरा.

ती गंगापूर रोडला एका छोट्या ऑफिसात आहे. कर्जवसुलीचे फोन होतात ना, ते टाइप होऊन तिच्यासमोर येतात आणि प्रत्येक वाक्याला लेबल लावायचं, बस एवढंच काम. खाने तीनच, ‘पैसे देणार’, ‘टाळाटाळ’ आणि ‘नकार’. त्या लेबलांवरून मशीन शिकतं. एकदा जेवताना मला म्हणाली, मामा, एक ओळ अडकलीय, “बघतो दादा, कांद्याचे पैसे आले की देतो.” आता सांगा, हे कुठे टाकायचं? लग्नाच्या बोलणीत ‘बघतो’ आलं की समजायचं गेलं स्थळ, आणि तेच मेकॅनिक म्हणाला तर संध्याकाळपर्यंत गाडी मिळते सुद्धा. हिने ‘पैसे देणार’ टाकलं, शेजारच्या पोराने त्याच ओळीला ‘टाळाटाळ’, आणि सुपरवायझर म्हणाला एवढा विचार करत बसलात तर टार्गेट कधी होणार.

झालं, उद्या मशीन बघतो-बघतो म्हणणाऱ्या सगळ्यांना कर्जबुडवे धरणार आणि तो माणूस पुढच्या हंगामाला कर्ज मागायला गेला की त्याच्या नावापुढे लाल खूण, का ते त्यालाही माहीत नाही आणि बँकेतल्या साहेबालाही नाही.

यात कोडिंगचा प्रश्न कुठे आहे सांगा. प्रश्न असा की वचन कशाला म्हणायचं, आणि भाव पडला म्हणून अट पुरी झाली नाही तर तो माणूस खोटारडा ठरतो का. जे. एल. ऑस्टिन नावाच्या इंग्रज तत्त्वज्ञाने १९५५ साली हार्वर्डला व्याख्यानं दिली ती याच्यावरच, की ‘वचन देतो’ म्हणणं म्हणजे नुसती माहिती देणं नाही, म्हणणं हीच एक कृती असते. आणि शब्दापलीकडचा अर्थ शोधणं आपल्याकडे तर फारच जुनं. संस्कृत शास्त्रात ‘गंगायां घोषः’ हे ठरलेलं उदाहरण, गंगेवर गवळ्यांची वस्ती. आता वस्ती काय पाण्यात असते? काठावर असते, ही लक्षणा. पण काठ न म्हणता गंगा म्हटल्यामुळे गारवा आणि पावित्र्य जे मनात येतं ती व्यंजना. पंचवटीतला माणूस ‘आमचं घर गोदेवरच’ म्हणतो तेव्हा तोही हेच करतो, फक्त त्याने व्यंजनेवर ग्रंथ लिहिणारा आनंदवर्धन वाचलेला नसतो (वाचायची गरजही नाही म्हणा).

आता कोणी म्हणेल नवीन एआय मॉडेल हुशार झालीत, निघताना ‘येतो’ म्हणतात ते त्यांना कळतं. कळतं, मान्य. पण कळल्यावर त्या माणसाला कुठल्या खान्यात टाकायचं आणि खाने तीनच का, हे तर कोणीतरी माणूसच ठरवतो ना.

अमेरिकेतलं कॉम्पासचं प्रकरण तुमच्या मुलीला वाचायला सांगा. आरोपी पुन्हा गुन्हा करेल का याचा स्कोअर देणारं हे सॉफ्टवेअर. २०१६ मध्ये प्रोपब्लिका या वृत्तसंस्थेच्या पत्रकारांनी फ्लोरिडातल्या एका काउंटीतल्या ७००० हून जास्त लोकांचे स्कोअर तपासले. ज्यांनी पुढच्या दोन वर्षांत काहीच केलं नाही अशा काळ्या आरोपींपैकी जवळपास ४५ टक्के लोकांना जास्त धोक्याचं ठरवलं होतं, गोऱ्यांमध्ये हेच प्रमाण २३ च्या आसपास. सॉफ्टवेअरवाली कंपनी म्हणाली, अहो पण ज्यांना आम्ही ‘जास्त धोका’ म्हटलं त्यांच्यातले पुन्हा गुन्हा करणारे दोन्हीकडे जवळपास सारख्याच प्रमाणात निघतात. गंमत अशी की आपापल्या हिशेबाने दोघंही बरोबर! मग गणितवाल्यांनी दाखवून दिलं की दोन गटांत पुन्हा पकडले जाण्याचं मूळ प्रमाणच वेगळं असेल तर या दोन्ही समानता एकाच वेळी साधत नाहीत, अंदाज शंभर टक्के अचूक असला तरच काय ते. म्हणजे एक सोडावी लागते. कुठली? हे पायथन, म्हणजे प्रोग्रॅम लिहायची भाषा, सांगत नाही. आणि ते मूळ प्रमाण तरी कुठून आलं, तर पोलिसांच्या नोंदींतून, जिथे पोलिसांच्या फेऱ्या जास्त तिथे पकडले जाणारेही जास्त, हे कळायला त्या वस्तीचा इतिहास माहीत लागतो.

मामांना एक गोष्ट मात्र नक्की सांगा. मशीन विचार करू शकतं का, हा संगणकशास्त्राचा पाया घालणाऱ्या ॲलन ट्युरिंगचा गाजलेला लेख १९५० साली ‘माइंड’मध्ये आला, आणि ते जर्नल तत्त्वज्ञानाचं आहे, इंजिनिअरिंगचं नव्हे.

पण मामांचं अर्धं खरंय हं. नुसतं बीए करून कोणी पॅकेज घेऊन दारात उभं राहणार नाही, आणि मशीन आतून कसं शिकतं ते न बघताच एआयवर ताशेरे ओढणारे आर्ट्सवाले मलाही झेपत नाहीत. तिला बीए करू द्या, पण सोबत स्टॅटिस्टिक्स हवं आणि स्वतः प्रोग्रॅम लिहून बघण्याइतकं पायथन हवं. यूजीसीने २०२२ पासून एका वेळी दोन डिग्र्यांची मुभा दिलीय, त्यातली एक घरबसल्या होऊ शकते, मुक्त विद्यापीठ तर आपल्या गंगापूर धरणाजवळच आहे. फॉर्म भरायच्या आधी दोन्हीकडे नियम तेवढे विचारून घ्या.

आणि हो, भाचीची ती कांद्याची ओळ अजून तशीच आहे. तुमची मुलगी कुठल्या खान्यात टाकेल, की चौथा खाना मागेल, ते विचारून कळवाल का?