कूसीचा सरदार आणि त्याचा अवाढव्य बुरूज

प्रश्न : भावाने फ्रान्सहून कूसीच्या किल्ल्याचे फोटो पाठवलेत, नुसता ढिगारा दिसतोय. तिथे कोणा बॅरनचं राज्य होतं म्हणे. बॅरन म्हणजे आपला जहागीरदारच ना? आणि किल्ला पाडला कोणी?
(एक वाचक, सांगली)

उत्तर : जहागीरदार म्हटलं तरी चालेल, पण हा जरा डोक्यावर बसलेला जहागीरदार. बॅरनने राजाला लढाईला माणसं द्यायची, बदल्यात जमीन, जकात आणि स्वतःचं कोर्टसुद्धा त्याचंच. कूसीवाल्यांचं ब्रीदच होतं की मी राजा नाही, राजपुत्र, ड्यूक, काउंटही नाही, मी कूसीचा धनी! त्यांच्यातल्याच तिसऱ्या आँगेराँने १२२० नंतर इथे जो गोल बुरूज बांधला तो साधारण ५४ मीटर उंच आणि ३१ मीटर रुंद, आणि खुद्द राजाचा पॅरिसमधला लूव्हरचा बुरूज होता ३० मीटरच्या आसपास, म्हणजे बघा काय मस्ती असेल ती.

पण मला विचाराल तर बुरुजापेक्षा त्याच्या मुलाची, चौथ्या आँगेराँची गोष्ट जास्त भारी आहे. फ्लँडर्सहून (आजच्या बेल्जियमकडचा भाग) तीन पोरं फ्रेंच शिकायला जवळच्या मठात आली होती, शिकार करता करता याच्या जंगलात शिरली आणि याने ना चौकशी ना काही, सरळ फासावर लटकवली. राजा नववा लुई भडकला, याला कैद केलं, १२५९ च्या सुमारास खटला चालवला. बाकीचे बडे सरदार याच्या बाजूने उभे राहिले म्हणून जीव वाचला, दंड मात्र जबरदस्त बसला.

शेवटचा मोठा धनी सातवा आँगेराँ, इंग्लंडच्या राजाचा जावई, १३९६ ला निकोपोलिसच्या लढाईत तुर्कांच्या हाती सापडला आणि पुढच्या वर्षी कैदेतच वारला. मुलगा नव्हता, मुलीने १४०० साली जहागीर ओर्लेआँच्या ड्यूकला विकली आणि त्याचा नातू पुढे राजा झाला तशी ती राजघराण्यात गेली.

किल्ला मोडायला सुरुवात केली ती फ्रेंचांनीच, १६५२ मध्ये राजाचा मुख्य मंत्री माझारँ याच्या हुकमावरून, तरी बुरूज उभाच होता. तो उडवला जर्मन सैन्याने, पहिल्या महायुद्धात, मार्च १९१७ मध्ये माघार घेताना, तब्बल २८ टन स्फोटकं लावून. भावाच्या फोटोतला ढिगारा बहुतेक त्याचाच.