वाचकांचे प्रश्न : पसायदानातली क्रियापदं

प्रश्न : पसायदान ‘द्यावें’ने सुरू होतं, मग ‘सांडो, वाढो, जावो’ येतं आणि शेवटी ‘होईल’. हे बदल छंदासाठी आहेत का?

उत्तर : नाही. बोलण्यातून घडणारी कृतीच बदलत जाते. ‘मी राजीनामा देतो’ हे वाक्य खरं-खोटं ठरवता येत नाही. ते उच्चारलं की राजीनामा दिला जातो. जॉन ऑस्टिन या तत्त्वज्ञाचं अशा उच्चारांवरचं पुस्तक १९६२ साली निघालं. पसायदान ज्या ज्ञानेश्वरीच्या शेवटी येतं ती शके १२१२ची, पण ‘या उच्चारातून कोणती कृती घडते?’ ही कसोटी तिलाही लागू पडते.

नऊही ओव्यांत क्रियापदांखाली रेघ मारा. ‘तोषावें’, ‘द्यावें’ ही विध्यर्थी रूपं म्हणजे विनंती. तिचा आधार ‘वाग्यज्ञ’, म्हणजे शब्दांनी केलेला यज्ञ : यज्ञ झाला, आता प्रसाद द्या. ‘पसाय’ म्हणजे प्रसादच. दुसऱ्या ओवीपासून ‘सांडो’, ‘वाढो’, ‘लाहो’ ही आज्ञार्थाची तृतीयपुरुषी रूपं येतात, वडीलधारे ‘सुखी राहो’ म्हणतात तशी. गंमत अशी, की ‘मज द्यावें’ म्हणणारा लगेच खळांसाठी (दुष्टांसाठी), भूतांसाठी (सगळ्या जिवांसाठी), प्राणिजातासाठी मागू लागतो. देव ‘विश्वात्मक’ असल्यावर ज्याच्याकडे मागायचं आणि ज्यांच्यासाठी मागायचं, ते वेगळे कसे राहणार? म्हणून इथे प्रार्थना आणि आशीर्वाद एकाच रूपात मावतात.

गफलत होते ती नवव्या ओवीत. ‘हा होईल दानपसावो’ (हे प्रसादाचं दान मिळेल) हे पुष्कळजण आशा किंवा भाकीत म्हणून वाचतात. पण बोलणारा बदललाय : ‘येथ म्हणे श्रीविश्वेश्वरावो’, म्हणजे आता विश्वाचा ईश्वर बोलतोय. देण्याचा अधिकार असलेल्याच्या तोंडचं ‘होईल’ म्हणजे वर. पुढे ‘येणें वरें’ असं स्पष्टच आहे, आणि लगेच भूतकाळ : ‘सुखिया जाला’. खळांची व्यंकटी, म्हणजे वाकडेपणा, अजून तशीच असेल, पण वर मिळाला तिथेच सुख झालं. समूहाने एका दमात म्हणताना हा बदल बुडतो. ‘येथ म्हणे’च्या आधी थांबून पाहा.

प्रश्न : ज्ञानेश्वरांच्या ‘पैल तो गे काऊ’ या अभंगामध्ये कावळ्याला आमिषं कशाला?

उत्तर : ती वचनं आहेत : ‘मढवीन’, ‘लावीन’. आधी ‘माये’ला सांगणारी विरहिणी अचानक ‘उड उड रे’ म्हणत कावळ्याशीच बोलू लागते. वचन स्वीकारायला समोरच्याला ते कळावं लागतं, कावळ्याला कुठलं कळायला? तरी सोन्याचे पाय, दहीभाताची उंडी, दुधाची वाटी असा भाव वाढतच जातो. पंढरीराव घरी कधी येतील, एवढ्या उत्तरासाठी.