डब्ल्यूओ अर्जाच्या, म्हणजे अनेक देशांसाठी एकत्र केलेल्या आंतरराष्ट्रीय पेटंट अर्जाच्या पहिल्या पानावर शंभरावर देश छापलेले असतात. त्या सगळ्या देशांत पेटंट मिळालेलं असतं का?

नाही. तुम्ही लिहिलंय की दुसऱ्या कंपनीच्या अर्जावरच्या यादीत 'आयएन' दिसलं म्हणून तुमच्या ग्राहकाने पंपाची ऑर्डर अडवून धरली आहे. त्या दोन अक्षरांचा अर्थ एवढाच की भारतात पेटंट मागायची वाट त्यांनी मोकळी ठेवली. एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकावा, तसं. लहान कारखानदार ही यादी बघून घाबरतात, हे पेटंटच्या कामात मी सतत बघते आणि मला त्याचं फार वाईट वाटतं.

हा अर्ज पीसीटी या आंतरराष्ट्रीय पेटंट कराराखाली होतो. पूर्वी पीसीटी अर्जात हवे ते देश निवडून डेझिग्नेशनची, म्हणजे देश नेमण्याची फी भरावी लागे, त्यामुळे यादीवरून अर्जदाराचा इरादा थोडाफार कळायचा. 1 जानेवारी 2004 पासून अर्ज केला की सगळे सदस्य देश आपोआप धरले जातात. तेव्हा आजची यादी जवळपास सगळ्यांची सारखीच. पहिल्या पानावर 81 या आकड्यापुढे स्वतंत्र देश, 84 पुढे युरोपियन पेटंटसारखे प्रादेशिक गट. जर्मनी दोन्हीकडे दिसतो, कारण तिथे दोन्ही मार्ग खुले आहेत. फ्रान्स फक्त 84 मध्ये, कारण पीसीटीतून तिथे थेट जाता येत नाही. तैवान कुठेच नाही, तो सदस्यच नाही.

यादीतून जाणूनबुजून वगळता येतात ते जर्मनी, जपान आणि दक्षिण कोरिया. त्याच देशातल्या आधीच्या अर्जाची प्रायॉरिटी घेतली, म्हणजे त्या अर्जाची तारीख आपली धरून घेतली, तर तिथल्या कायद्याने तो जुना अर्ज मागे घेतल्यासारखा होऊ शकतो. तो वाचवायला देश वगळतात. म्हणून 'जेपी' दिसत नाही याचा अर्थ जपान मोकळा असा काढू नका. बहुधा तिथे त्यांचा वेगळा अर्ज चालू असतो.

खरा निर्णय नॅशनल फेजला, म्हणजे अर्ज एकेका देशाच्या ऑफिसात नेण्याच्या टप्प्याला होतो. प्रायॉरिटी डेटपासून, म्हणजे पहिल्या अर्जाच्या तारखेपासून भारतात आणि युरोपियन पेटंट ऑफिसात 31 महिने, अमेरिका-जपानमध्ये 30. तोवर त्या देशात फी भरून, कागद देऊन अर्ज पुढे नेला नाही, तर तिथला हक्क साधारणपणे संपतो. पेटंट देणारं जागतिक ऑफिस नाहीच. प्रत्येक ऑफिस स्वतंत्र तपासणी करतं.

तुम्ही आता पहिल्या पानावर 30 या आकड्यापुढची तारीख, म्हणजे प्रायॉरिटी डेट बघा, त्यात 31 महिने मिळवा. मुदत बाकी असेल तर अर्ज अजून येऊ शकतो. उलटून गेली असेल तर पेटंटस्कोप या आंतरराष्ट्रीय अर्जांच्या ऑनलाइन सर्चवर नॅशनल फेजची नोंद बघा आणि भारतीय पेटंट ऑफिसच्या सर्चमध्ये पीसीटी क्रमांकाने शोधा. अर्जदाराच्या नावानेही शोधा, कारण पीसीटी सोडून भारतात थेट अर्ज केलेला असू शकतो. शेवटच्या दिवसांत आलेला अर्ज सर्चमध्ये दिसायला वेळ लागतो, म्हणून काही महिन्यांनी पुन्हा बघा.

पेटंट मंजूर झालेलं सापडलं, तर ते चालू आहे का ते बघा आणि त्याचे भारतात मंजूर झालेले क्लेम्स, म्हणजे हक्क नेमका कशावर ते सांगणारी कलमं, पेटंट एजंटकडून तपासून घ्या. डब्ल्यूओ अर्जातले क्लेम्स धरून चालू नका, तपासणीत ते अनेकदा अरुंद होतात.