गॅलन नेमका कोणाचा?

घरी बिअर बनवणाऱ्या वाचकांची पत्रे या वेळी पुष्कळ आली आणि त्यांतील बहुतेक पत्रांत तक्रार एकच होती : कृती तंतोतंत पाळली, तरी बिअर पुस्तकात लिहिल्यासारखी झाली नाही. पत्रे वाचताना लक्षात आले की चूक हाताची क्वचितच होती. बहुतेक वेळा ती मापाच्या नावात दडलेली होती. त्यांपैकी निवडक पत्रांना येथे उत्तरे देत आहे.

प्रश्न : एका जुन्या इंग्रजी पुस्तकातील पाच गॅलनची कृती मी केली. ११ पौंड माल्ट (मोड आणून वाळवलेले धान्य) काट्यावर तोलून घेतले, गॅलनचे लिटर करून सुमारे १९ लिटर वर्ट (यीस्ट घालण्यापूर्वीचा माल्टचा गोड काढा) भांड्यात भरला. पुस्तकात सुरुवातीची ग्रॅव्हिटी (पाण्याच्या तुलनेत वर्टची घनता) १.०४८ दिली आहे, माझी १.०५८ आली. बिअर जड आणि कडवट झाली. माझे कुठे चुकले?

उत्तर : आपण तोलण्यात चुकला नाहीत, गुणाकारातही चुकला नाहीत. गॅलन कोणाचा, एवढेच विचारायचे राहून गेले. आपण वापरलेला ३.७८५ लिटरचा गॅलन अमेरिकेचा आहे. आपले पुस्तक ब्रिटिश असल्यास त्यातील गॅलन ४.५४६ लिटरचा असणार. पाच अमेरिकी गॅलन म्हणजे १८.९ लिटर आणि पाच ब्रिटिश गॅलन म्हणजे २२.७ लिटर. बावीस लिटरहून अधिक पाण्यासाठी योजलेला माल्ट आपण एकोणीस लिटरमध्ये उतरवलात, तेव्हा वर्ट दाट होणे ओघानेच आले.

हिशेब करून पाहण्यासारखा आहे. घरगुती बिअरवाले ग्रॅव्हिटीतील दशांश चिन्हापुढचे आकडे ‘पॉइंट’ म्हणून मोजतात, १.०४८ म्हणजे ४८ पॉइंट. वर्टमध्ये उतरलेली साखर तेवढीच राहते, त्यामुळे पॉइंट आणि लिटर यांचा गुणाकार बदलत नाही. ४८ गुणिले २२.७ याला १८.९ ने भागल्यास उत्तर ५७.६ येते, म्हणजे जवळजवळ आपला १.०५८. बिअरला कडवटपणा देणाऱ्या फुलांचे, म्हणजे हॉप्सचेही थोड्याफार फरकाने तसेच होते, म्हणून कडवटपणाही सुमारे पाचव्या हिश्श्याने वाढला. चूक उलट्या बाजूने झाली असती, म्हणजे अमेरिकी कृती आपण २२.७ लिटरमध्ये केली असती, तर तीच बिअर १.०४० वर येऊन पांचट लागली असती.

ही गफलत इतकी सहज होते याचे कारण असे की वजनाची मापे आपल्याला सावध करत नाहीत. पौंड दोन्हीकडे एकच आहे. १९५९ साली इंग्रजी भाषक देशांनी तो ०.४५३५९२३७ किलोग्रॅम असा ठरवून टाकला. वजन जुळते आणि घनफळ जुळत नाही, म्हणून बिघडते ते नेमके दोघांचे गुणोत्तर. आणि बिअर म्हणजे गुणोत्तरच.

हे दोन गॅलन आले कुठून, हेही सांगतो, कारण गोष्ट मजेशीर आहे. इंग्लंडमध्ये पूर्वी वाइनचा गॅलन वेगळा आणि एलचा, म्हणजे तिथल्या पारंपरिक बिअरचा, वेगळा असे. वाइनचा २३१ घन इंचांचा, हा १७०७ मध्ये कायद्याने पक्का झाला. एलचा २८२ घन इंचांचा. अमेरिका स्वतंत्र झाली तेव्हा तिने वाइनचा गॅलन जवळ ठेवला. पुढे १८२४ च्या कायद्याने ब्रिटनने हे दोन्ही गॅलन मोडीत काढले आणि ६२ अंश फॅरनहाइटच्या १० पौंड पाण्याला जेवढी जागा लागते तेवढा नवा गॅलन ठरवला. म्हणजे आज अमेरिकी माणूस आपली बिअर इंग्लंडने टाकून दिलेल्या वाइनच्या मापाने मोजतो, आणि कृती परक्याची म्हणून नाक मुरडणाऱ्या इंग्रजाचाच तो जुना ठेवा आहे. पाइंटची तऱ्हाही अशीच आहे. ब्रिटिश पाइंटमध्ये २० द्रव औंस असतात व तो ५६८ मिलिलिटरचा भरतो; अमेरिकी पाइंट १६ औंसांचा, ४७३ मिलिलिटरचा. त्यातही ब्रिटिश द्रव औंस अमेरिकी औंसापेक्षा किंचित लहान आहे, त्यामुळे नुसते औंस मोजूनही अंदाज चुकतो.

पुस्तक कुठले, हे ओळखायला प्रकाशनाचे ठिकाण पाहावे. फॅरनहाइट दिसले म्हणजे अमेरिकी, असे समजू नये. जुन्या ब्रिटिश पुस्तकांतही तापमान फॅरनहाइटमध्येच असते. ब्रिटनमध्ये घरी बिअर बनवण्यासाठी लागणारा परवाना १९६३ मध्ये रद्द झाला, त्यानंतर तिथे हा छंद फोफावला, आणि त्या पिढीची पुस्तके ब्रिटिश गॅलनांत बोलतात. खात्री करायचीच असेल तर कृतीलाच प्रश्न विचारावा. फिक्या माल्टच्या एका किलोपासून घरगुती भांड्यांत साधारण २२० लिटर-पॉइंट मिळतात असे धरा. आपले ११ पौंड म्हणजे ५ किलो, त्यांचे ११०० लिटर-पॉइंट झाले; त्यांना पुस्तकातल्या ४८ ने भागले की उत्तर २३ लिटरच्या जवळ येते, १९ च्या नव्हे. पुढच्या वेळी असा दाट वर्ट हाती आला, तर यीस्ट घालण्यापूर्वी उकळून गार केलेले पाणी घालून तो २२.७ लिटरपर्यंत न्यावा. झालेली बिअर मात्र तशीच प्यावी. पुस्तकातील बिअर ४.७ टक्क्यांच्या आसपास निघाली असती, आपली ५.७ च्या पुढेमागे असेल. ग्लास लहान घ्या.

प्रश्न : माझ्या हायड्रोमीटरवर (घनता मोजायच्या तरंगत्या नळीवर) १.०४८ असे आकडे नाहीत, ० ते २० असे अंश आहेत. चेक बिअरच्या बाटलीवर १२ अंश लिहिलेले असते, ते अल्कोहोलचे प्रमाण असते का?

उत्तर : नाही. तो आकडा किण्वनापूर्वीच्या, म्हणजे यीस्टने साखरेचे अल्कोहोल करण्यापूर्वीच्या, वर्टचा आहे. १२ अंश म्हणजे १०० ग्रॅम वर्टमध्ये १२ ग्रॅम विरघळलेला अर्क, त्यात मुख्यतः साखर. चेक माणूस ‘दहा’ किंवा ‘बारा’ मागतो तेव्हा तो ही घनता मागत असतो. ‘बारा’मध्ये अल्कोहोल साधारण ५ टक्के निघते. प्रागच्या कार्ल बॉलिंग यांनी १८४३ मध्ये असे कोष्टक मांडले, पुढे अडॉल्फ ब्रिक्स आणि फ्रिट्झ प्लाटो यांनी ते अधिक काटेकोर केले. म्हणून बॉलिंग, ब्रिक्स आणि प्लाटो ही तीन नावे दिसतात. घरगुती कामापुरता तिन्ही अंशांत फरक मानायचे कारण नाही. एका प्लाटो अंशाला चार पॉइंट हा हिशेब हलक्या वर्टला चांगला चालतो : १० अंश म्हणजे १.०४०, १२ अंश म्हणजे १.०४८. दाट वर्टला मात्र तो थोडा कमी पडतो, १.०८० ला २० नव्हे, १९.३ अंश भरतात.

हायड्रोमीटरच्या कागदी पट्टीवर बारीक अक्षरांत एक तापमान छापलेले असते, ते जरूर वाचावे. जुन्या ब्रिटिश आणि अमेरिकी उपकरणांवर ते ६० अंश फॅरनहाइट असते, युरोपीय उपकरणांवर बहुधा २० अंश सेल्सियस. या दोहोंतला फरक एका पॉइंटहूनही कमी आहे, त्याची चिंता नको. पण ४० अंश सेल्सियसच्या कोमट वर्टमध्ये हायड्रोमीटर बुडवला तर १.०४८ चा वर्ट १.०४२ दाखवतो. नमुना गार करून मोजणे हाच सोपा मार्ग. रिफ्रॅक्टोमीटर (प्रकाशाच्या वक्रीभवनावरून साखर मोजणारे उपकरण) वापरणाऱ्यांनी एवढे ध्यानात ठेवावे की किण्वन सुरू झाल्यावर अल्कोहोलमुळे त्याचा आकडा सरळ वाचता येत नाही, त्याला दुरुस्ती लावावीच लागते.

प्रश्न : कृतीत ‘मॅशचे तापमान १० अंश फॅरनहाइटने वाढवा’ असे होते (मॅश म्हणजे गरम पाण्यात भिजवलेले माल्ट). मोबाइलवर १० अंश फॅरनहाइटचे सेल्सियस काढले तर उणे १२ आले. हे कसे?

उत्तर : मोबाइलने आपण विचारले तेच सांगितले. १० अंश फॅरनहाइट हे तापमान गोठणबिंदूच्या बरेच खाली आहे. आपल्याला तापमान नको होते, तापमानातील फरक हवा होता. फरक काढताना ३२ वजा करायचे नसतात, केवळ ९ ने भागून ५ ने गुणायचे, म्हणजे ५.६ अंश सेल्सियस. मॅशच्या बाबतीत हे नीट केले पाहिजे, कारण १५२ अंश फॅरनहाइट म्हणजे ६६.७ अंश सेल्सियस आणि त्याच्या दोन-तीन अंश वर-खाली बिअरचा पोत बदलतो : खाली गेले तर कोरडी, वर गेले तर भरीव.

प्रश्न : बाटल्या भरताना ‘पाऊण कप साखर’ घालायची असे लिहिले आहे. मी माझ्या कपाने मोजली. दोन बाटल्या फुटल्या.

उत्तर : इजा झाली नाही ना, हे पत्रात लिहिलेले नाही, झाली नसावी अशी आशा करतो. उरलेल्या बाटल्या आधी थंड करा, मग जाड कापडात धरून झाकणे हळूहळू सैल करा.

कप हे माप बाटलीच्या साखरेसाठी मुळातच नालायक आहे. अमेरिकी कप सुमारे २३७ मिलिलिटरचा, मेट्रिक कप २५० चा, आणि कपाटातला चहाचा कप कितीचाही. त्यातच अमेरिकी कृतींतील ही साखर पुष्कळदा मक्याची, म्हणजे डेक्स्ट्रोजची भुकटी असते. तिचा पाऊण कप आणि दाणेदार साखरेचा पाऊण कप यांचे वजन सारखे नसते. शिवाय बाटलीत किण्वन होऊन साध्या साखरेच्या निम्म्याहून थोड्या अधिक वजनाचा कार्बन डायऑक्साइड तयार होतो, तर ओलावा धरलेल्या डेक्स्ट्रोजचा ४४ टक्केच. आकार वेगळा, वजन वेगळे, जोरही वेगळा. औंसही घातकच : वजनाचे ४ औंस म्हणजे ११३ ग्रॅम, पण मापट्यातल्या ४ द्रव औंस जागेत दाणेदार साखर १०० ग्रॅमच्या आसपास बसते.

वायूचे प्रमाण सांगण्याच्याही दोन रीती आहेत. अमेरिकी लोक ‘व्हॉल्यूम’ म्हणतात, म्हणजे एक लिटर बिअरमध्ये किती लिटर वायू. युरोपात ते ग्रॅम प्रति लिटर सांगतात. एक व्हॉल्यूम म्हणजे १.९६ ग्रॅम. नेहमीच्या बिअरला २.५ व्हॉल्यूम, म्हणजे लिटरला ४.९ ग्रॅम धरा. २० अंश सेल्सियसला किण्वन पुरते संपलेल्या बिअरमध्ये सुमारे १.७ ग्रॅम वायू आधीच असतो. उरलेल्या ३.२ ग्रॅमसाठी लिटरला ६.२ ग्रॅम साधी साखर पुरते, म्हणजे १९ लिटरला ११८ ग्रॅम. काट्यावर तोला, आणि त्याआधी दोन-तीन दिवस ग्रॅव्हिटी हलत नाही हे पाहून घ्या. किण्वन अर्धवट असताना भरलेली बाटली साखर अचूक तोलूनही फुटते.

प्रश्न : कृतीत ‘क्रिस्टल ६०’ माल्ट होता. मी युरोपीय माल्ट त्याच आकड्याचा घेतला, पण रंग फिका आला.

उत्तर : हा आकडा माल्टच्या रंगाचा असतो; अमेरिकी आकडा लोव्हिबाँड मापाचा, युरोपीय आकडा ईबीसी मापाचा. ईबीसी ढोबळमानाने लोव्हिबाँडच्या दुप्पट असतो. आपल्याला १२० च्या आसपासचा माल्ट हवा होता.

प्रश्न : अमेरिकेत घरी वर्षाला २०० गॅलन बिअर बनवता येते असे वाचले. ही मर्यादा सगळीकडे आहे का?

उत्तर : मुळीच नाही. अध्यक्ष कार्टर यांनी ऑक्टोबर १९७८ मध्ये सही केलेल्या कायद्याने तिथे एका प्रौढाला १००, आणि दोन किंवा अधिक प्रौढांच्या घराला २०० गॅलन करमुक्त बिअर विक्रीशिवाय बनवण्याची मुभा मिळाली. ते गॅलन अर्थातच अमेरिकी, म्हणजे ७५७ लिटर. पाच गॅलनच्या चाळीस खेपा. राज्यांचे कायदे निराळे असल्याने अलाबामा आणि मिसिसिपी यांनी परवानगी २०१३ मध्ये दिली. याउलट जपानमध्ये परवान्याशिवाय १ टक्का किंवा त्याहून अधिक अल्कोहोलचे पेय घरी बनवता येत नाही. आपण राहता तिथला कायदा आधी पाहावा, भांडे नंतर घ्यावे.

प्रश्न : माझा संच २३ लिटरचा आहे आणि पिंप १९ लिटरचे. दोन्ही घरगुती बिअरसाठीच विकतात, मग मेळ का नाही?

उत्तर : कारण लिटरचा वेष घेतलेली ही दोन्ही माणसे मूळची गॅलनवालीच आहेत. २३ लिटर म्हणजे ४० ब्रिटिश पाइंट, अर्थात पाच ब्रिटिश गॅलन, वर किंचित भर. १९ लिटरचे पोलादी पिंप मूळ अमेरिकेतल्या शीतपेयांचे, पाच अमेरिकी गॅलनचे. त्यांचा तो वापर मागे पडला तेव्हा ती पिंपे घरगुती बिअरवाल्यांच्या हाती आली. उरणारी सुमारे ४ लिटर बिअर बाटल्यांत भरावी, आणि साखर त्या चार लिटरपुरतीच, म्हणजे २५ ग्रॅम घालावी.