स्तनाच्या कॅन्सरनंतर मूल होऊ द्यावे का?

प्रश्न : माझे वय ३३ वर्षे आहे. तीन वर्षांपूर्वी माझ्या उजव्या स्तनात गाठ निघाली. केमोथेरपी, फक्त गाठ काढण्याची शस्त्रक्रिया आणि रेडिएशन असे उपचार झाले. आजार दुसऱ्या टप्प्याचा होता, काखेतील दोन गाठींपर्यंत पोहोचला होता आणि रिपोर्टमध्ये ईआर व पीआर पॉझिटिव्ह (म्हणजे हार्मोनवर वाढणारा), हर-टू निगेटिव्ह असे लिहिले आहे. बीआरसीए या जनुकातील आनुवंशिक दोषाची तपासणी झालेली नाही. गेली दोन वर्षे मी टॅमॉक्सिफेन ही हार्मोनला अडवणारी गोळी घेते आहे. पाळी पुन्हा सुरू झाली आहे, पण अनियमित आहे. आम्हाला मूल नाही आणि उपचारांच्या घाईत बीजांडे गोठवून ठेवण्याचा विषयही निघाला नाही. सासूबाईंना आता एक लेकरू व्हावेसे वाटते. आई म्हणते, जिवावरचे दुखणे टळले आहे, विषाची परीक्षा पाहू नकोस. यजमान म्हणतात, तू म्हणशील तसे. गोळी निदान पाच वर्षे घ्यायला सांगितली आहे, तोवर वय निघून जाईल अशी भीती वाटते. गरोदरपणामुळे कॅन्सर उलटतो का? बाळाला काही अपाय होईल का?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : तुमच्या आईंच्या भीतीपासून सुरुवात करते, कारण ती निराधार नाही. गरोदरपणात शरीरातील इस्ट्रोजेन खूप वाढते आणि तुमचा आजार इस्ट्रोजेनवर वाढणारा होता. त्यामुळे गरोदरपण त्याला खतपाणी घालेल, असे अनेक वर्षे डॉक्टरही सांगत आले. मात्र उपचारांनंतर आई झालेल्या स्त्रियांची माहिती जसजशी जमा होत गेली, तसतसे असे दिसले की त्यांच्यात आजार उलटण्याचे प्रमाण इतरांपेक्षा वाढलेले नाही. खरी काळजी गरोदरपणापेक्षा त्यासाठी थांबवाव्या लागणाऱ्या गोळीची आहे.

नेमका हाच प्रश्न घेऊन ‘पॉझिटिव्ह’ नावाचा आंतरराष्ट्रीय अभ्यास झाला आणि त्याचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यातील स्त्रिया ४२ वर्षांपर्यंतच्या होत्या आणि त्यांनी १८ ते ३० महिने हार्मोनची औषधे घेतलेली होती. मूल होण्यासाठी त्यांनी जास्तीत जास्त दोन वर्षे औषध थांबवले. गर्भधारणेबाबत पाठपुरावा झालेल्या ४९७ जणींपैकी ३६८ जणींना दिवस राहिले आणि ३१७ जणींना मूल झाले. पहिल्या तीन वर्षांत आजार उलटण्याचे प्रमाण ८.९ टक्के निघाले. औषध न थांबवलेल्या, त्यांच्याशी मिळत्याजुळत्या स्त्रियांच्या जुन्या नोंदींत ते ९.२ टक्के होते.

हे आकडे दिलासा देणारे आहेत, पण ते तुमच्या रिपोर्टशेजारी ठेवून वाचायला हवेत. त्या अभ्यासातील सुमारे दोन तृतीयांश स्त्रियांच्या काखेतील गाठींपर्यंत आजार गेलेला नव्हता, तुमच्या दोन गाठींत तो होता. शिवाय ईआर पॉझिटिव्ह आजार पाच, दहा, कधी पंधरा वर्षांनीही डोके वर काढू शकतो, तेव्हा तीन वर्षांच्या हिशेबावर तो कायमचा गेला असे म्हणता येत नाही. म्हणून तुमच्या कॅन्सरतज्ज्ञांना “मूल होऊ देऊ का?” एवढेच विचारू नका. “मूल न होऊ देताही पुढील दहा वर्षांत माझा आजार उलटण्याची शक्यता किती आहे, आणि दोन वर्षे गोळी थांबवल्याने तिच्यात किती फरक पडेल?” असे स्पष्ट विचारा आणि उत्तर फाइलमध्ये लिहून घ्या. हो किंवा नाही यापेक्षा या उत्तरावर तुम्हाला अधिक नीट विचार करता येईल.

बीआरसीएची तपासणी मात्र आधी करून घ्यावी असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. तिशीत स्तनाचा कॅन्सर झालेल्या प्रत्येक स्त्रीने ती करावी. दोष आढळला तरी आई होण्याचा मार्ग बंद होत नाही. बीआरसीएचा दोष असलेल्या, वयाच्या चाळिशीपर्यंत कॅन्सर झालेल्या चार हजारांहून अधिक स्त्रियांच्या अभ्यासातही गरोदरपणामुळे आजार उलटण्याचे प्रमाण वाढलेले दिसले नाही. परंतु तो दोष मुलाकडे जाण्याची शक्यता निम्मी असते, आणि पुढे बीजाशये काढून टाकण्याचा सल्ला मिळू शकत असल्याने मूल केव्हा हवे याचे वेळापत्रकच बदलते. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयात यासाठी आनुवंशिक समुपदेशनाची सोय आहे.

पाळी परत आली म्हणजे सारे पूर्ववत झाले असे समजू नका. केमोथेरपीतील काही औषधे, विशेषतः सायक्लोफॉस्फामाइड, बीजांडांचा साठा घटवतात, आणि पाळी येत असूनही तो कमी असू शकतो. एएमएचची रक्ततपासणी आणि सोनोग्राफी यांवरून वंध्यत्वतज्ज्ञांना त्याचा अंदाज बांधता येतो. साठा फारच कमी असेल, तर दोन वर्षांतील पहिले वर्ष वाट पाहण्यात घालवण्याऐवजी लवकर आयव्हीएफकडे (टेस्ट ट्यूब बेबीच्या उपचाराकडे) वळावे, हे त्यातून कळेल. त्या उपचारात इस्ट्रोजेन फार वाढू नये म्हणून लेट्रोझोल देण्याची पद्धत आहे, त्यामुळे तुमचा पूर्वीचा आजार त्यांना पहिल्याच भेटीत सांगा. केमोथेरपीत लाल रंगाचे औषध दिले असेल, म्हणजे डॉक्सोरुबिसिन किंवा त्याच्या जातीचे, तर हृदयाचा इकोही करून घ्या, कारण गरोदरपणात हृदयावरचा भार बराच वाढतो.

गोळी मनाने बंद करू नका आणि ती चालू असताना दिवस राहू देऊ नका, कारण टॅमॉक्सिफेनमुळे गर्भात व्यंग येऊ शकते. पाळी अनियमित आहे म्हणून निर्धास्त राहता येत नाही. तोवर कॉपर-टी किंवा निरोध वापरावा, गर्भनिरोधक हार्मोनच्या गोळ्या तुम्हाला चालणार नाहीत. आधी मॅमोग्राफी आणि संपूर्ण तपासणी, मग डॉक्टरांच्या संमतीने गोळी बंद, त्यानंतर औषध शरीरातून जाण्यासाठी तीन महिने, आणि मगच प्रयत्न, असा क्रम ठेवावा.

बाळाविषयी सांगायचे, तर आईचा पूर्वीचा कॅन्सर बाळाला लागत नाही आणि आधी संपलेल्या केमोथेरपीमुळे बाळात व्यंग येण्याचे प्रमाण वाढलेले आढळलेले नाही. मूल थोडे लवकर किंवा कमी वजनाचे जन्मण्याचे प्रमाण काहीसे अधिक आहे, म्हणून नवजात अर्भकांची चांगली सोय असलेले प्रसूतिगृह निवडा.

आता यजमानांविषयी. “तू म्हणशील तसे” हे वाक्य प्रेमाने म्हटलेले असेल, पण त्याने सगळे ओझे तुमच्या एकटीवर येते. आजार उलटला तर मुलाला कोण सांभाळील, उपचारांचा खर्च कसा भागेल, दिवस राहिलेच नाहीत तर प्रयत्न कोणत्या दिवशी थांबवायचे, हे प्रश्न दोघांनी मिळून, टाळाटाळ न करता बोलून घ्यायला हवेत. पुढच्या भेटीला त्यांना बरोबर न्या आणि हे प्रश्न त्यांनाच डॉक्टरांसमोर मांडू द्या. सासूबाई आणि आई दोघींचीही माया मी समजू शकते, पण या निर्णयात त्यांना मत नाही. मूल नको असा निर्णय झाला, तर घरच्यांना त्याची कारणे देत बसण्याचीही गरज नाही. दत्तक घेण्याचा विचार मनात आला, तर आईवडिलांपैकी कोणालाही जिवावर बेतणारा आजार नसावा असा नियम आहे, तेव्हा प्रकृतीविषयी कॅन्सरतज्ज्ञांचे पत्र लागेल हे लक्षात ठेवा.

दिवस राहिले, तर त्या काळात स्तनात जाणवणारी नवी गाठ दुधाची असेल म्हणून सोडून देऊ नका, सोनोग्राफी करून घ्या, ती गर्भाला निर्धोक आहे. रेडिएशन झालेल्या उजव्या बाजूला दूध अगदी थोडे येईल, कदाचित येणारही नाही. डाव्या बाजूने अंगावर पाजता येते. टॅमॉक्सिफेन सुरू असताना मात्र पाजता येत नाही, म्हणून किती महिने पाजायचे आणि गोळी कोणत्या तारखेला पुन्हा सुरू करायची, हे प्रसूतीआधीच कॅन्सरतज्ज्ञांशी ठरवून ठेवा. ‘पॉझिटिव्ह’ अभ्यासातील सगळ्याच जणी गोळीकडे परतल्या नाहीत. बाळाच्या पहिल्या वर्षात ही तारीख सहज निसटते, आणि तुमच्या काखेतील गाठींचा रिपोर्ट पाहता ती पाळणे तुमच्यासाठी फार आवश्यक आहे.