जीपच्या ब्लॉकमधले मॅनिफोल्डचे स्टड न मोडता काढताना

तुमची सीजे-३बी जीप चार पावसाळे चिपळूणला उघड्यावर उभी होती. आता एक्झॉस्ट मॅनिफोल्ड (इंजिनाचा धूर गोळा करून पाइपात सोडणारा भाग) उतरवलाय, ब्लॉकची, म्हणजे इंजिनाच्या मुख्य ओतीव भागाची, ती बाजू खड्डे पडल्यामुळे फेसिंगला, म्हणजे मशीनवर सपाट करायला, द्यायचीय, पण त्यातले स्टड (मॅनिफोल्ड धरणाऱ्या, आटे पाडलेल्या बिनडोक्याच्या सळया) गंजून बसलेत. तेच स्टड परत वापरायचेत आणि मिस्त्री म्हणतोय, पाइप पान्याने दहा मिनिटांत काढतो. कृपा करून स्टडना पाइप पाना लावू देऊ नका. त्याचे दात स्टडच्या अंगात घुसतात, आणि तो एकाच बाजूने ओढत असल्यामुळे स्टड फिरायच्या आधी वाकतो. असा स्टड परत वापरायच्या लायकीचा राहत नाही.

तुमच्या हरिकेन एफ-१३४ इंजिनात इनटेक व्हॉल्व्ह हेडमध्ये (ब्लॉकवर बसणाऱ्या वरच्या भागात) आहेत आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह ब्लॉकमध्ये. म्हणून एक्झॉस्ट मॅनिफोल्ड थेट ब्लॉकलाच बसतो. इतर बहुतेक गाड्यांत असा स्टड मोडला तर हेड उचलून लेथवाल्याकडे नेता येतं. इथे मोडला तर तो ब्लॉकच्या पोटात राहतो. माझ्याकडून एक मोडला होता. ड्रिल मारताना मध्य जेमतेम एक मिलिमीटर चुकला आणि ड्रिल ब्लॉकच्या मऊ बिडात (कास्ट आयर्नमध्ये) सरकलं. शेवटी कोल्हापूरच्या उद्यमनगरात अख्खा ब्लॉक नेऊन भोक मोठं करून बूश घालावं लागलं. ते काम अजून डोळ्यांसमोर आहे, म्हणून सविस्तर लिहितोय.

आज फक्त साफसफाई करा. स्टडच्या मुळाशी वायर ब्रश फिरवून गंज काढा आणि पेनिट्रेटिंग ऑइल (गंजाच्या फटीत शिरणारं पातळ तेल) सोडा. एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल) आणि ॲसिटोन निम्मं-निम्मं मिसळलं तरी चांगलं चालतं, मात्र ॲसिटोन पेट घेतं, तेव्हा ते पुसून पूर्ण उडून गेल्याशिवाय जवळ आग नको. सकाळ-संध्याकाळ दोन-तीन दिवस तेल देत राहा. प्रत्येक वेळी स्टडच्या टोकाला नट बरोबरीने लावा, वर पितळी सळई धरा आणि हातोडीचे पाच-सहा नेमके ठोके द्या. जोर लावायचा नाही. गंजाची पकड हादरली की तेल आत जातं. नट लावायचा तो आट्यांचं तोंड मिटू नये म्हणून.

मग दोन नटांची पद्धत. त्याच आट्यांचे दोन नट स्टडवर चढवा आणि दोन पाने लावून एकमेकांवर घट्ट आवळा. काढताना रिंग पाना खालच्या नटाला लावायचा, परत बसवताना वरच्या. वरच्याला लावून काढायला गेलात तर नटांची जोडीच सुटते. आटे कमी उरले असतील तर पातळ चेकनट घ्या. दाते असलेला स्टड रिमूव्हरही अंगावर चरे पाडतो. कोलेटचा, म्हणजे स्टडला सगळीकडून सारखा आवळून धरणारा, मिळाला तरच वापरा.

आता सगळ्यात महत्त्वाचं. पांढऱ्या मार्करने स्टडच्या टोकापासून मुळापर्यंत आणि तशीच पुढे ब्लॉकवर एक सरळ रेघ ओढा. पाना लावून आधी किंचित आवळायच्या दिशेने दाब द्या, मग सोडायच्या. मुळाशी रेघ तुटली, म्हणजे स्टडवरची ब्लॉकवरच्या रेघेपासून सरकली, तर स्टड सुटला. वरचं टोक फिरलंय पण मुळाशी रेघ अजून जुळलेली आहे, तर स्टड पिळतोय. हाताला ते रबरासारखं मऊ लागतं. तिथेच थांबा. सुटणारा स्टड ‘कट्’ करतो आणि हात एकदम हलका होतो. मऊ लागत लागत सुटलेला स्टड मी पाहिलेला नाही, तो मोडतोच.

पिळत असेल तर उष्णता द्या. पेट्रोलची लाइन आणि कार्ब्युरेटर आधी उतरवून ठेवा. स्टडभोवतीचं बीड गॅसच्या मोठ्या, मऊ ज्योतीने सावकाश तापवा. पोलाद आणि बीड जवळपास सारखंच फुगतं, त्यामुळे ॲल्युमिनियमच्या ब्लॉकसारखं भोक चटकन सैल होणार नाही. इथे तापण्या-निवण्याने गंजाचा थर तडकतो, तोच उपयोग. स्टड लालबुंद करू नका, त्याचं पाणी (पोलादाचा कणखरपणा) उतरतं. ब्लॉकवर थंड पाणी तर अजिबात मारू नका, बीड तडकेल. थोडं निवलं की मेणबत्ती मुळाशी टेकवा. मेण वितळून आट्यांत ओढलं जातं. मग पुन्हा मागे-पुढे. सुटला तरी पाव फेरा काढायचा, थोडा परत घालायचा, तेल द्यायचं. सलग ओढून काढलात तर गंजाचा चुरा आटे खातो.

निघालेला प्रत्येक स्टड पुठ्ठ्यावर त्याच्या जागेप्रमाणे खोचून ठेवा. वाकलेला, मधे बारीक झालेला किंवा आटे ताणलेला असेल तर जीव अडकवू नका, नवा घ्या. भोकं धारदार टॅपने (आटे पाडायच्या हत्याराने) न कापता जुन्या बोल्टला उभी खाच पाडून त्याने साफ करा. आतून लाल पाणी झिरपलं तर ते भोक पाण्याच्या जॅकेटपर्यंत (ब्लॉकमधल्या थंड करणाऱ्या पाण्याच्या पोकळीपर्यंत) गेलंय. बसवताना त्या आट्यांना सीलंट लागेल.

नवा घेताना दुकानदार एम-१० पुढे करेल. या जीपचे आटे इंची आहेत. ३/८ इंच म्हणजे ९.५२५ मिमी, जाड आटे इंचाला १६, म्हणजे पिच (दोन आट्यांमधलं अंतर) सुमारे १.५९ मिमी, एम-१०चा पिच १.५. फरक इतका थोडा की हाताने एक-दोन फेरे गेल्यासारखं वाटतं आणि पान्याने ब्लॉकचे आटे जातात. जुना स्टड आणि आट्यांचा गेज घेऊनच दुकानात जा.